मेन बंद, दिवा चालू

रविवारी सकाळी उत्तरेश्वरने मेन खाली ओढलं. फ्रीज गप्प झाला, पंखा रेंगाळत थांबला, स्वयंपाकघरातला पाण्याचा फिल्टर काहीतरी पुटपुटून बंद पडला. हॉलमध्ये तथागत आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढचा निळा झिरोचा बल्ब मात्र होता तसाच जळत राहिला.

उत्तरेश्वरने मेन वर केलं आणि पुन्हा खाली ओढलं. बल्बाने दखल घेतली नाही.

“मॅडम, हे बंदच होईना की,” तो म्हणाला. उत्तरेश्वर मूळचा धाराशिवकडचा, आता वाघोलीत राहून नव्या इमारतींची कामं घेणारा. हात चोख होता, पण जुन्या वायरींशी त्याची ओळख त्या उपटून गोणीत भरण्यापुरतीच होती. “आत जिन्न हाय का काय ह्येच्या?”

“जिन्न या घरात चालत नाही,” आम्रपाली म्हणाली. “पप्पा घराबाहेर काढतील.”

तिला नवल वाटलं नव्हतं. या घरात ते कुणालाच वाटलं नसतं. घराची वाटणी झाल्यावर पहिल्यांदा फ्यूज उडाला तेव्हा ती शाळकरी होती. सगळं घर अंधारात आणि फोटोपुढे निळा उजेड. आजी सुंदराबाईंनी हात जोडले आणि दुसऱ्या दिवशी ही बातमी कॉलनीच्या शेवटच्या गल्लीपर्यंत पोचवली. संध्याकाळी बायका मेणबत्त्या घेऊन बघायला यायला लागल्या आणि अभयरावांची पंचाईत झाली. आम्रपालीचे वडील पाटबंधारे खात्यात अधिकारी होते आणि सुट्टीच्या दिवशी विहारांमधून अंधश्रद्धेविरुद्ध बोलायचे. बावीस प्रतिज्ञा त्यांना उलट्या क्रमानेही पाठ होत्या. चमत्कारांवर तुटून पडणाऱ्या माणसाच्या हॉलमध्येच चमत्कार निघाला, तर त्याने लोकांना तोंड कसं दाखवावं?

त्यांनी त्याच रात्री विचार करून खुलासा शोधला. वायरींमध्ये थोडी वीज उरते, नळ बंद केल्यावर पाइपात पाणी उरतं तशी. मोठ्या दिव्यांना ती पुरत नाही, झिरोच्या बल्बाला पुरते. संपला विषय. पाण्याचा माणूस विजेचा खुलासा करतो तेव्हा तो असाच होणार, पण अभयरावांनी तो इतक्या ठामपणे केला की बायका मेणबत्त्या घेऊन परत गेल्या. पुढे त्यांनी हे उदाहरण शिबिरांमधून द्यायला सुरुवात केली. वरवर चमत्कार वाटणाऱ्या गोष्टीमागे विज्ञान कसं असतं, हे सांगताना ते हटकून या बल्बावर यायचे. आम्रपाली इंजिनिअरिंगला गेली, विजेचाच विषय घेतला, आणि एका सुट्टीत घरी येऊन म्हणाली की पप्पा, अशी वीज उरत नाही. अभयराव शांतपणे म्हणाले, “तुमच्या कॉलेजात सगळंच शिकवत नसतील.”

तिने नाद सोडला. तिने मनाशी वेगळाच तर्क बांधला होता. आजोबा भीमराव कारखान्यात वायरमन होते. या घरातली पहिली वायर त्यांनीच ओढली होती. त्यांनी बल्बाचं कनेक्शन मुद्दाम मेनच्या आधी घेतलं असणार, म्हणजे कुणी मेन बंद केलं तरी फोटोपुढे अंधार नको. तिला ते आजोबांच्या स्वभावाला धरून वाटायचं, म्हणून तिने कधी तपासलंही नाही. चाकणच्या कारखान्यांमधल्या वायरिंगमध्ये ती चुका शोधून द्यायची आणि त्याचा पगार घ्यायची. स्वतःच्या घरात तिने शिडी लावली नव्हती.

आज लावावी लागली, कारण घर विकायचं होतं.

घर म्हणजे अर्धं घर. वाटणीत हॉलच्या मधोमध भिंत आली होती. इकडे अभयराव, पलीकडे त्यांचा धाकटा भाऊ रविराज. आम्रपालीची आई जाऊन आता बरेच दिवस झाले होते. अभयरावांचे गुडघे जिन्याला नाही म्हणायला लागले होते. प्रज्ञेशने, म्हणजे आम्रपालीच्या भावाने, वाघोलीला मोठा फ्लॅट घेतला होता आणि पप्पांनी तिकडे यावं असा त्याचा आग्रह होता. इकडचा अर्धा भाग एक दातांचे डॉक्टर दवाखान्यासाठी घेत होते. डॉक्टरांचा वकील बारकाईचा. त्याने अट घातली होती की दोन्ही अर्ध्यांची वीज पूर्णपणे वेगळी आहे, एकही वायर सामाईक नाही, असं इंजिनिअरने लिहून द्यावं. इंजिनिअर घरातच होती. उद्या सोमवारी तिने ते लिहून दिलं की व्यवहार पक्का.

आम्रपालीला हे घर जायला नको होतं. हे तिने कुणालाही सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर प्रज्ञेशने विचारलं असतं की मग पप्पांचे गुडघे कोण बघणार. ती रोज पहाटे चाकणला जायची आणि दिवेलागणीला यायची. तेव्हा तिने ठरवलं होतं की काम नीट करायचं, वायरी वेगळ्या असतील तर वेगळ्या म्हणायचं, आणि रडायचं असेल तर वाघोलीला जाऊन रडायचं.

“प्रज्ञेश, जरा हे शोकेस सरकवायला ये,” तिने हाक मारली.

प्रज्ञेश लॅपटॉप बंद करून आला. त्याच्यामागे कुसुमआत्याही आली. ती सकाळीच स्वारगेटहून बस पकडून आली होती, डब्यात मटकीची उसळ घेऊन. अभयराव आणि रविराज यांच्या मधली बहीण. वाटणीपासून दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. तेव्हापासून दोघांमधलं टपाल कुसुमआत्याच वाहत होती. नळाला पाणी कमी येतंय का, सोसायटीच्या सभेला कोण जाणार, पेरूच्या फांद्या कुणी तोडायच्या, सगळे निरोप तिच्या तोंडून जायचे. या विक्रीला तिचा मनापासून पाठिंबा होता. डॉक्टर आले तर निदान ते स्वतः दार वाजवून बोलतील, असं तिचं म्हणणं होतं.

भांडण कशावरून झालं हे सगळ्यांना माहीत होतं. खोल्यांवरून झालं नाही, मागच्या अंगणावरून झालं नाही. झालं ते या फोटोवरून. छप्पन साली भीमराव तरुणपणी नागपूरला दीक्षेला गेले, येताना दोन चित्रं छातीशी धरून आले आणि पुण्यात पोचल्यावर ती एकाच चौकटीत बसवून घेतली. घर बांधलं तेव्हा त्यात पहिल्यांदा फोटो आला, मग माणसं आली. वाटणीच्या वेळी अभयराव म्हणाले, मी थोरला. रविराज म्हणाला, रोज पुसून फुलं मी वाहतो. भीमरावांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि फोटो थोरल्याच्या भिंतीवर ठेवला. रविराज त्या दिवशी भिंतीच्या पलीकडे गेला तो पुन्हा या हॉलमध्ये आला नाही. अभयरावही तिकडे गेले नाहीत. “त्याच्याकडून मी आजवर काडी घेतलेली नाही,” असं ते पाहुण्यांना सांगायचे. पाहुण्यांनी विचारलेलं नसलं तरी सांगायचे.

शोकेस सरकलं. त्यामागे भिंतीवर सागवानी पट्टी निघाली, बोटभर रुंदीची, आणि तिच्यावर काळसर वायर, पितळी क्लिपांनी जागोजाग जखडलेली. क्लिपा सगळ्या एकाच बाजूला दुमडलेल्या होत्या. भीमरावांची ही खूण होती. एखादी क्लिप उलटी दुमडलेली दिसली तर ते दुसऱ्याचं काम समजायचे आणि पुढे बोलायचे नाहीत.

“हात लावू नका,” आम्रपाली उत्तरेश्वरला म्हणाली. तिने पेनासारखा टेस्टर वायरीजवळ नेला. तो टीं टीं करायला लागला.

“मेन तर बंद हाय,” उत्तरेश्वर म्हणाला.

“आपलं बंद आहे.”

अभयराव खुर्चीत बसून पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला नाही. “उरलेली वीज,” ते पेपरामागून म्हणाले.

आम्रपालीने जमिनीवरच्या ढिगातून एक तुकडा उचलला. काल माळ्यावरच्या बंद पडलेल्या वायरी त्यांनी काढल्या होत्या, आणि त्या ढिगात अख्ख्या घराचा जमाखर्च पडला होता. वर पांढऱ्या प्लास्टिकच्या चकचकीत वायरी, प्रज्ञेशच्या कॉम्प्युटरसाठी घेतलेल्या. त्यांच्याखाली जाड, ताठ, ॲल्युमिनियमच्या. तांबं मिळत नव्हतं त्या वर्षांतल्या, आत्याच्या लग्नात मांडवाला वीज द्यायला ओढलेल्या आणि मग राहून गेलेल्या. आणि सगळ्यांत तळाशी काळी रबराची, जिला हात लावला की बोटाला काजळी लागायची आणि वाकवली की वरचं आवरण वाळलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखं सुटायचं.

“ही पण ॲल्युमिनियमच दिसती,” उत्तरेश्वर आतली चंदेरी तार बघून म्हणाला.

तिने ब्लेडने तार जरा खरवडली. चंदेरी रंगाखालून लाल तांबं निघालं. रबरात गंधक असतं, ते तांब्याला खातं, म्हणून त्या काळी तांब्याला कलई करायचे, पितळी भांड्यांना करतात तशी, असं तिने सांगितलं. पुढे प्लास्टिकची वायर आली आणि कलईची गरज संपली. म्हणजे रबर आणि कलई एकत्र दिसली की ती घराची पहिली वायर समजायची. तिने तुकडा भिंतीवरच्या वायरीशेजारी धरला. तीच जाडी, तसाच मेलेला काळा रंग, तशाच बारीक भेगा.

“ही घर बांधलं तेव्हाची आहे,” ती म्हणाली. “भिंत त्यानंतर कितीतरी वर्षांनी आली.”

“ओके, सो?” प्रज्ञेश म्हणाला.

सो, ती शिडीवरून पट्टीचा माग काढत निघाली. पट्टी बल्बापासून वर गेली, आडवी वळली, आणि मेनच्या बोर्डाकडे जायच्या ऐवजी सरळ दुसरीकडे निघाली. शोकेसच्या माथ्यामागे इतके दिवस झाकलेल्या जागी ती मधल्या भिंतीत शिरत होती. जिथे शिरत होती तिथे चिनी मातीची पांढरी नळी होती, आणि वायर तिच्यातून पलीकडे गेली होती.

कॉलनीतल्या भाजीवाल्याची हाक ऐकू आली.

“म्हणजे हा बल्ब काकांच्या मीटरवर आहे?” प्रज्ञेशने विचारलं. “इतकी वर्षं?”

अभयरावांनी पेपर खाली केला. आम्रपालीने शिडीवरून त्यांच्याकडे बघितलं आणि तिला वाईट वाटलं. शिबिरांमधली ती सगळी भाषणं त्यांच्या चेहऱ्यावरून एकामागून एक जात होती.

“चुकून राहिली असेल,” ते शेवटी म्हणाले. “वाटणीच्या वेळी बाबांचं वय झालं होतं. दोन्हीकडच्या वायरी त्यांनीच वेगळ्या केल्या. एखादी राहते.”

“राहते ना,” कुसुमआत्या लगेच म्हणाली. तिला सोमवार दिसत होता. “म्हातारा माणूस. राहिली असेल.”

“करेक्ट. सिंपल आहे,” प्रज्ञेश म्हणाला. “ती कट करायची, बल्बाला आपल्या बोर्डावरून नवीन वायर द्यायची. पाच मिनिटांचं काम. उद्या दी लिहून देईल.”

तिघांचं एकमत झालं. या घरात असं क्वचित व्हायचं, आणि आम्रपालीला गप्प बसता आलं असतं. वायर तोडली असती तर तिने खरं तेच लिहिलं असतं, कुठलंही खोटं नाही. पण ती नळी तिच्या डोळ्यांसमोर होती.

“चुकून नाही राहिली,” ती म्हणाली.

अभयरावांनी चष्मा काढला. “कशावरून?”

“ही नळी. वायर भिंतीतून जाते तिथे ती घासू नये म्हणून घालतात. पण घर बांधलं तेव्हा इथे भिंतच नव्हती, मग नळी कुठली? ती भिंतीबरोबर आली. आणि दोन्ही टोकं बांधलेल्या दोऱ्यात बांगडी घालता येत नाही, पप्पा. एक टोक सोडावंच लागतं. आजोबांनी या वायरीचं टोक सोडलं, तिच्यात नळी घातली, आणि टोक परत काकांच्याच बाजूला जोडलं. वायर हातात घेऊन, बघून केलंय हे.”

कुसुमआत्या हळूच सोफ्यावर बसली. तिला काहीतरी आठवत होतं आणि ते आठवलं नसतं तर तिला बरं वाटलं असतं. मग तिने सांगितलंच. भिंतीचं काम चालू होतं तेव्हा बाबा एक दिवस तिच्याकडे स्वारगेटला आले होते. म्हणाले, चल, शनिवार पेठेत जायचंय. तेव्हाही असल्या नळ्या कुणी ठेवत नव्हतं. तीन-चार दुकानांमधून लोकांनी त्यांना प्लास्टिकची दाखवली, एकाने तर विचारलं की आजोबा, म्युझियमला हवीय का. शेवटी एका जुन्या दुकानदाराने मागच्या फळीवरून धुळीची पेटी काढली. बाबांनी त्यातली एक नळी घेतली, उजेडात धरून तडा नाही ना बघितलं, आणि रुमालात गुंडाळून नेली.

“मी विचारलं, कशाला एवढी वणवण,” ती म्हणाली. “तर म्हणाले, एक काम नीट करायचंय.”

अभयरावांनी चष्मा परत चढवून नळीकडे बघितलं. मग उठले आणि म्हणाले, “कापून टाका.”

आम्रपालीला याचं आश्चर्य वाटलं नाही. त्याच्याकडून काडी घेतलेली नाही म्हणणाऱ्या माणसाने रोजचा उजेड घेतला होता, आणि तो त्याच्याच वडिलांनी घ्यायला लावला होता. अशा वेळी माणूस रागावतो ते कुणावर, हे त्याचं त्यालाही सांगता येत नाही.

“आपल्याला कापता येणार नाही,” ती म्हणाली. “वायरीत वीज आहे. काकांनी त्यांचं मेन बंद करायला पाहिजे.”

म्हणजे कुणीतरी जाऊन रविराजला सांगायला पाहिजे होतं. सगळ्यांनी कुसुमआत्याकडे बघितलं. ती उठली, पदर खोचला आणि म्हणाली की हा शेवटचा निरोप, यापुढे डॉक्टर आणि रविराज काय ते बघतील.

ती गेली तेव्हा प्रज्ञेश हळू आवाजात म्हणाला की काकांचं मेन बंद करणं सोपं नाही, ते कधीच करत नाहीत. हे खरं होतं. रविराज गावाला गेला तरी मेन चालू ठेवून जायचा. बायको गेल्यावर तो मुलीकडे नाशिकला जाऊन राहिला, तिथेच त्याच्या छातीचं ऑपरेशन झालं, घर कितीतरी दिवस बंद होतं. मेन तेव्हाही चालूच. अभयरावांनी सोसायटीच्या सभेत ठराव मांडला होता की बंद घराचं मेन चालू ठेवणं हा निष्काळजीपणा आहे, एक दिवस सगळ्यांना आग लागेल. ठराव मंजूर झाला होता. रविराजने नाशिकहून कळवलं होतं की ठरावाचा आदर आहे, मेन चालूच राहील. अभयराव यावर पुढे कित्येक दिवस बोलत होते.

आता ते या आठवणीपाशी येऊन थांबले असावेत. कारण ते पुन्हा खुर्चीत बसले, आणि गुडघ्यामुळे बसले असं वाटलं नाही.

रविराज आला तो दारातच थांबला. सकाळची दाढी केलेला, इस्त्रीचा सदरा, हातात घराची किल्ली. “जयभीम,” तो उंबऱ्यातून सगळ्यांना मिळून म्हणाला. अभयरावांचे ओठ हलले. रविराजने आधी फोटोकडे बघितलं, मग शिडीकडे, मग उघड्या पडलेल्या नळीकडे. आम्रपालीच्या लक्षात आलं की त्याला नळी शोधावी लागली नाही. तो थेट तिच्याकडेच बघत होता.

“काका, तुम्हाला माहीत होतं,” ती म्हणाली.

“हो.”

“तुमच्या बाजूची वायरिंग तर तुम्ही सगळी नवी करून घेतलीत.”

“सगळी केली. ही सोडून. तो वायरमन म्हणाला, ही जुनी कशाला ठेवता, धोका आहे. म्हटलं, असू दे.” रविराजने चप्पल काढली, पण आत आला नाही. तो बोलत होता आम्रपालीशी, आणि ऐकणारे सगळे होते. “बाबांनी भिंत झाली त्या दिवशी मला बोलावलं. म्हणाले, फोटो अभयकडे राहील, तो थोरला आहे. पण त्याच्यापुढचा उजेड तुझ्या घरातून जाईल. तेवढा विझू देऊ नकोस.”

“आणि पप्पांना का नाही सांगायचं?”

“म्हणाले, त्याला कळलं तर तो त्याच दिवशी वायर तोडेल.”

सगळ्यांनी अभयरावांकडे बघितलं.

“तोडली असती,” अभयराव म्हणाले. कुणालाच उद्देशून नाही, समोरच्या भिंतीला सांगितल्यासारखं. पण खरं ते सांगितलं.

कुसुमआत्याला मात्र राग आला होता. इतकी वर्षं ती यांच्या पेरूच्या फांद्यांचे निरोप वाहत होती आणि जो एक निरोप वाहायच्या लायकीचा होता तो तिला कुणी दिला नव्हता. तिने रविराजला तसं तोंडावर विचारलं. तो म्हणाला, “तुला सांगितलं असतं तर दादाला संध्याकाळपर्यंत कळलं असतं.” हे कुणाला खोडून काढता आलं नाही, आत्यालाही नाही.

मग प्रज्ञेशने, तो चांगला मुलगा असल्यामुळे आणि अशा शांततेत त्याला काहीतरी बोलावंच लागत असल्यामुळे, काकांना समजावून सांगितलं की तसाही फोटो आता वाघोलीला जाणार आहे, तिथे त्याच्यासाठी खास कोनाडा केलाय, आतून लाइट दिलेत. त्यामुळे या वायरीचा प्रश्न आपोआप सुटेल. नो इश्यू.

रविराजने मान हलवली. “हो का,” तो म्हणाला. आणि फोटोकडे बघत, “छान. तिथे जवळच पॉइंट काढून घ्या. फोटोला एक्स्टेंशन बरं दिसत नाही.” त्याने पायात चप्पल सरकवली. “मी जाऊन मेन बंद करतो. काय ते काप तू, आमू.”

आम्रपालीला लहानपणापासून आमू म्हणणारं आता एवढंच माणूस उरलं होतं. ती शिडीवरून उतरायच्या निमित्ताने पाठमोरी झाली.

पलीकडे काकांच्या दाराचा आवाज आला. मग क्षणभराने निळा बल्ब विझला.

तो विझलेला या घरात फारसा कुणी पाहिला नव्हता. सगळ्या कॉलनीची वीज गेली की तोही जायचा, पण तेव्हा सगळंच अंधारात असायचं आणि त्याच्याकडे कुणाचं लक्ष नसायचं. आता खिडकीतून ऊन येत होतं, फोटो स्वच्छ दिसत होता, आणि तरी आम्रपालीला तो एकदम जुना झाल्यासारखा वाटला. अभयराव उठून उभे राहिले होते.

तिने टेस्टर लावून बघितला. टेस्टर गप्प होता. तिने वायरीला अंगठ्याने नुसतं दाबलं तर आवरणाचा चुरा खाली पडला.

“ही ठेवता येणार नाही, पप्पा. कुणाच्याही बाजूने असो. कधीही पेट घेईल अशी झालीय.”

“मग काढा.”

उत्तरेश्वरने क्लिपा एकेक उलगडल्या. तार निघाली, चुरा उडाला, पितळी क्लिपा त्याने खिशात न टाकता टेबलावर ठेवल्या. नळी मात्र भिंतीत पक्की होती, ती तशीच राहिली, रिकामी. तिच्यातून पलीकडच्या हॉलचा एक गोल तुकडा दिसत होता, वाटाण्याएवढा. अभयराव शिडीच्या दुसऱ्या पायरीवर चढले. आम्रपालीने त्यांना धरलं, गुडघ्याचं सांगितलं, पण ते ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते. त्यांनी नळीला डोळा लावला. पलीकडे काय दिसलं ते त्यांनी नंतरही कुणाला सांगितलं नाही.

“नवी वायर आहे ना?” उतरल्यावर त्यांनी उत्तरेश्वरला विचारलं.

“हाय की. हिरवी, पिवळी, कुठली पायजे? बोर्डापासनं टाकतो, दहा मिनटात व्हतंय.”

“बोर्डापासून नको.”

“मग कुठनं?”

अभयरावांनी नळीकडे बोट दाखवलं. “होती तिथूनच.”

उत्तरेश्वरने आम्रपालीकडे बघितलं. आम्रपालीने प्रज्ञेशकडे बघितलं. प्रज्ञेशला समजायला थोडा वेळ लागला, कारण तो अजून वाघोलीच्या कोनाड्यात होता.

“पप्पा, असं केलं तर दी उद्या लिहून कसं देणार? सामाईक वायर नाही म्हणून?”

“नाही देता येणार,” आम्रपाली म्हणाली. तिने आवाज सपाट ठेवला होता, कामावर ठेवायची तसा. “सामाईक वायर आहे असं लिहावं लागेल.”

“मग डॉक्टर घेणार नाहीत.”

“नाही घेणार,” अभयराव म्हणाले.

“आणि तुमचे गुडघे?”

“गुडघे माझे आहेत. फोटो माझा एकट्याचा नाही.” ते म्हणाले आणि खुर्चीत बसले. “तू दर रविवारी ये. तुझा कोनाडा बघायला मीही येईन.”

प्रज्ञेश काही बोलणार होता. कुसुमआत्याने त्याच्या दंडाला हात लावला. सकाळी ती त्याच्या बाजूची होती. आता नव्हती, आणि ते त्याला तिच्या हाताच्या पकडीवरूनच कळलं. तिने त्याला उसळ गरम करायला स्वयंपाकघरात पाठवलं.

उत्तरेश्वरने नवी वायर नळीतून ओढली. सफाईने ओढली आणि क्लिपा जुन्याच वापरल्या. एक त्याने उलटी दुमडली, ती आम्रपालीने न बोलता सरळ केली. पलीकडे जाऊन त्याने रविराजच्या बोर्डावर टोक जोडलं, या वेळी स्वतंत्र स्विच आणि संरक्षणासकट, आम्रपालीने सांगितलं तसं. मग तो परत आला आणि शिडीशी उभा राहून घाम पुसायला लागला. बल्ब अजून विझलेलाच होता.

भिंतीपलीकडून मेन वर केल्याचा खट्ट आवाज आला.

निळा उजेड फोटोवर पडला. आठवत होता त्यापेक्षा जरा जास्तच निळा.

“लागला का?” भिंतीपलीकडून रविराजचा आवाज आला. वायरीचं काम असेल त्या घरात, मेनपाशी उभा असलेला माणूस जसं कुणालाही उद्देशून ओरडतो तसं.

आम्रपालीने तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. कुसुमआत्या तर सवयीने दाराकडे निघालीच होती, निरोप घेऊन. ती तिथेच थांबली. उत्तरेश्वरला वाटलं सगळ्यांना काय झालं, तो ‘हो’ म्हणणार होता, पण आम्रपालीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“लागला का?” पुन्हा आवाज आला, या वेळी जरा हळू.

अभयराव खुर्चीतून उठले. भिंतीजवळ गेले, नळीच्या खाली उभे राहिले, आणि घसा खाकरला.

“लागला रे, रवी,” ते म्हणाले.